शेवटून बांधलेला क्रम

दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी १८८० साली प्रसिद्ध झाली. ती सिद्ध करणारे जी. डब्ल्यू. व्हिडाल हे मुंबई इलाख्याच्या मुलकी खात्यातील अधिकारी होते, आणि ज्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात ती छापली गेली त्याचे संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पुढे पाचच वर्षांनी राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ होत. त्या काळी मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे आणि कुडाळचा मुलूख सावंतवाडी संस्थानाच्या अमलाखाली होता. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८१ साल उजाडावे लागले. कोणता पक्षी कोणत्या मुलखात आढळतो, कोणत्या महिन्यात येतो, घरटे कधी बांधतो, याचा तपशील अशा यादीत सापडतो, आणि पुढील सर्व विचाराचा पाया त्या तपशिलावरच उभा राहतो, हे निर्विवाद आहे. परंतु पक्षी कोठे राहतो हे कळले म्हणजे तो काय जाणतो हे कळले, असे होत नाही. एकामागून एक येणाऱ्या खुणांचा क्रम तो कसा ओळखतो, पहिल्या खुणेवरून शेवटच्या खुणेचा अदमास कसा बांधतो आणि स्वतःच्या कृतींनाही तसाच क्रम कसा लावतो, हा प्रश्न व्हिडाल यांच्या काळी कोणी फारसा विचारलाच नव्हता. आणि आज तो विचारावयाचा झाला, तर त्यासाठी वालावलसारखे सोयीचे गाव शोधूनही सापडणे कठीण आहे.

याचे कारण असे की कुडाळ तालुक्यातील या एका गावाच्या हद्दीत आणि आसपासच्या पट्ट्यात पक्ष्यांच्या उपजीविकेची अनेक क्षेत्रे एकमेकांना लागून आली आहेत. लक्ष्मीनारायणाच्या पुरातन देवालयालगतची तळी आणि तिच्या भोवतीची दाट झाडी, त्यापलीकडे भाताचे मळे, मळ्यांच्या कडेने माडांच्या बागा, बागांच्या पायथ्याशी कर्ली नदीची खाडी आणि तिच्या काठचे कांदळवन, आणि त्याच खाडीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की देवबाग-तारकर्लीचा खुला समुद्र, असा हा प्रदेश आहे. यांपैकी प्रत्येक क्षेत्रात अन्न मिळण्याची एक ठराविक परंपरा असते. काही विशिष्ट गोष्टी विशिष्ट क्रमाने घडल्या की अन्न मिळते, आणि तो क्रम ज्या पक्ष्याला उमगला त्याचे पोट भरते.

भातमळ्यातील गायबगळ्याचे उदाहरण प्रथम घेऊ. मृगाचा पाऊस पडून मळ्यात पाणी साचले आणि चिखलणीसाठी जोत उतरले, की अर्ध्या घटकेत त्याच्या मागे बगळ्यांची रांग लागते. फाळाने उलटलेल्या चिखलातून किडे, बेडूक आणि गांडुळे वर येतात, आणि गुरांच्या सोबतीने चरणाऱ्या बगळ्याला एकट्याने हिंडणाऱ्या बगळ्यापेक्षा कमी पावलांत अधिक भक्ष्य मिळते, हे जगात अनेक ठिकाणी मोजून सिद्ध झालेले आहे. येथवर नवल करण्यासारखे काही नाही. नवलाची गोष्ट पुढची आहे. गेल्या काही दशकांत कोकणातील पुष्कळ मळ्यांतून बैल गेले आणि त्यांच्या जागी पॉवर टिलर आला. रूप वेगळे, आवाज वेगळा, वास वेगळा, वेग वेगळा. बगळ्यांच्या पूर्वजांनी सहस्रावधी वर्षे ज्या पशूंच्या सोबतीने उदरनिर्वाह केला त्यांच्याशी या यंत्राचे कोणतेही साम्य नाही. तरीही बगळे यंत्रामागे चालू लागले, आणि आज ते यंत्राचा आवाज ऐकूनच दूरच्या झाडावरून उठतात. यावरून असे अनुमान निघते की बगळ्याच्या दृष्टीने बैल ही वस्तू महत्त्वाची नव्हती. बैलाच्या मागोमाग जे येत असे ते महत्त्वाचे होते. पहिल्या खुणेची किंमत तिच्यानंतर येणाऱ्या खुणेवरून ठरते, आणि त्या दुसऱ्या खुणेची किंमत तिसरीवरून. मानसशास्त्रज्ञ ज्यांना उद्दीपक म्हणतात त्यांच्या क्रमिक शिक्षणाचे हे मर्म आहे, आणि पुढे सांगितलेले सर्व प्रयोग या ना त्या प्रकारे याच मर्माभोवती फिरतात.

समुद्राकाठी हा क्रम अधिक लांब असतो आणि म्हणून अधिक बोधप्रद. रापण टाकायची झाली म्हणजे होडी जाळे घेऊन किनाऱ्यापासून अर्धवर्तुळ काढीत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढू लागतात, रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात, जाळ्याचा फुगवटा उथळ पाण्यात येतो, आणि अखेर मासळी वाळूवर ओतली जाते. या सगळ्याला पुष्कळ वेळ लागतो. होडी निघते तेव्हा घारी माडांच्या शेंड्यांवर बसलेल्या असतात व त्यांच्या वागण्यात विशेष फरक दिसत नाही. दोर ताणले गेले की एखाददुसरी आकाशात घिरट्या घालू लागते. रांगा जवळ आल्या की कावळे वाळूवर उतरतात, समुद्रबगळे पाण्याच्या कडेला येऊन उभे राहतात, हिवाळा असेल तर कुरव पक्ष्यांचा थवा जाळ्याच्या वर घोटाळू लागतो. आणि जाळे उथळात आले की सगळे वर्तुळ आवळले जाते. निरीक्षकाला वाटते की पक्ष्यांना आरंभापासून शेवटपर्यंतची सगळी हकीकत पाठ आहे. परंतु त्यांनी ती कोणत्या दिशेने पाठ केली असावी, याचा विचार केला म्हणजे एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते.

घारीचे पिल्लू घरटे सोडून प्रथमच किनाऱ्यावर येते तेव्हा होडीला त्याच्या लेखी काही अर्थ असू शकत नाही. दोरालाही नाही. अर्थ असतो तो वाळूवर तडफडणाऱ्या मासळीला. मासळीच्या लगोलग आधी जे दिसते, म्हणजे उथळ पाण्यात फुगलेले जाळे, त्याला मासळीमुळे अर्थ प्राप्त होतो. जाळ्याला अर्थ आला की त्याच्या आधीच्या रांगांना तो येतो. रांगांमुळे दोरांना आणि दोरांमुळे होडीला. क्रम घडतो आरंभाकडून शेवटाकडे, पण तो शिकला जातो शेवटाकडून आरंभाकडे. या दोन दिशा परस्परविरुद्ध आहेत, ही गोष्ट एकदा नीट समजली की पक्ष्यांच्या वर्तनातील पुष्कळ कोडी आपोआप उलगडतात. शेवटाजवळच्या खुणांना प्रतिसाद जोरकस व अचूक का असतो, आरंभीच्या खुणांना तो मंद व अनिश्चित का असतो, आणि एखाद्या दिवशी क्रम मध्येच तुटला तर होडीजवळची घार निमूटपणे माडावर परतते पण जाळ्यावरचा कावळा कितीतरी वेळ ओरडत का राहतो, याचे उत्तर या एका तत्त्वात आहे.

पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी वाडी दाखवण्याची जी चाल कोकणात घरोघर आहे, तीतही हाच न्याय दिसतो. पान ठेवणे, त्याभोवती पाणी फिरवणे, बाजूला होऊन कावळ्याला हाक घालणे, या गोष्टी त्या पंधरवड्यात घरोघर एकाच क्रमाने घडतात. श्रद्धेच्या अंगाने या विधीला जो अर्थ आहे तो येथे विचारार्थ घेण्याचे प्रयोजन नाही, आणि तो अर्थ कावळ्याच्या शिक्षणाने उणावतो असेही मला वाटत नाही. कावळ्याच्या अंगाने पाहिले तर हाक ही अन्नाच्या सर्वांत निकटची खूण आहे. म्हणून पंधरवडा सरत आला की एका घरी हाक घातल्याबरोबर शेजारच्या चार घरांवरचे कावळे तेथे लोटतात.

आपल्या देशात पक्ष्याला कृतींचा क्रम शिकवण्याची विद्या फार जुनी आहे, आणि तिचा मानकरी सुगरण हा पक्षी होता. अबुल फज़लच्या ‘ऐन-ए-अकबरी’त सुगरणीच्या बुद्धीची व आज्ञाधारकपणाची वाखाणणी आढळते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या वस्तुसंग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी रस्त्यावरच्या खेळकऱ्यांकडे या पक्ष्याच्या करामती स्वतः पाहिल्या, आणि १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या टी. सी. जर्डन यांच्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात ते वर्णन समाविष्ट झाले. विहिरीत टाकलेली अंगठी पाण्याला लागण्यापूर्वी झेप घेऊन पकडणे, सुईदोऱ्याने मणी ओवणे, या त्यांपैकी लहान करामती. सर्वांत लांबलचक करामत खेळण्यातल्या तोफेची होती. पक्षी दारूचे कण एकेक करून तोफेत घाली, गजाने ते ठासी, मालकाच्या हातून पेटती काडी घेऊन तोफेच्या कानाला लावी. दारूने पेट घेतला नाही तर पुन्हा लावी. आणि ज्या बाराने आसपासचे सगळे कावळे घाबरून उडत त्या बाराच्या वेळी तो स्वतः तोफेवर निश्चल बसून राही.

या तालमीविषयी आदर आणि खेद या दोन्ही भावना मनात एकदम येतात. रानटी पक्ष्याला पकडून त्याच्या भुकेच्या बळावर ही विद्या उभी राहत असे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा पकडीला बंदी केली हे योग्यच झाले. परंतु त्या निरक्षर उस्तादांना शिक्षणाच्या प्रक्रियेचे जे व्यावहारिक ज्ञान होते, ते पाश्चात्त्य विद्यापीठांना पुढे शंभर वर्षांनी प्रयोगशाळेत नव्याने मिळवावे लागले, हेही सांगितले पाहिजे. तोफेच्या करामतीत शेवटची कृती म्हणजे काडी लावणे. काडी लावली की दाणा मिळतो. हे पक्के झाल्यावर पेटती काडी दिसणे हीच गोष्ट पक्ष्याला हवीशी होते, आणि तिच्यासाठी तो ठासण्याचे काम करू लागतो. मग ठासण्याची संधी हवीशी होते, आणि तिच्यासाठी तो दारू भरतो. दाणा एकदाच आणि अगदी अखेरीस मिळतो, तरी प्रत्येक पायरी ही तिच्या आधीच्या पायरीचे बक्षीस होऊन बसते. प्रयोगशाळेत कृतींची साखळी शिकवावयाची असेल तर ती आजही अशीच, शेवटच्या कडीपासून मागे मागे जात, शिकवली जाते.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या विद्येला शास्त्राचे रूप दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिनिॲपोलिस शहरातील पिठाच्या एका गिरणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, कबुतरांना क्षेपणास्त्राचे लक्ष्य ओळखायला शिकवण्याच्या कामगिरीवर तो आणि त्याचे सहकारी गुंतले होते. ती योजना प्रत्यक्ष युद्धात कधी वापरली गेली नाही, परंतु १९४३ साली तेथेच फावल्या वेळात त्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवले, आणि अपेक्षित कृतीच्या जवळजवळ जाणाऱ्या प्रत्येक हालचालीला तत्काळ बक्षीस दिले तर नवी कृती किती झपाट्याने घडवता येते, हे त्यांच्या प्रत्ययास आले. दाण्याच्या पेटीचा खटका वाजला की दाणा येतो, एवढे कबुतराला आधी शिकवायचे. मग त्या खटक्याच्या आवाजानेच त्याला पुढचे सगळे शिकवता येते. १९४८ साली स्किनरने याच तत्त्वाची एक विलक्षण बाजू प्रसिद्ध केली. कबुतर काहीही करो वा न करो, ठराविक अंतराने दाणा आपोआप येत राहील अशी व्यवस्था त्याने केली, तेव्हा आठांपैकी सहा कबुतरांनी स्वतःचे असे काही आचार बसवून घेतले. एक गोल फिरे, दुसरे पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात डोके खुपसी. स्किनरच्या मते दाण्याच्या आधी योगायोगाने घडलेली हालचाल त्यांनी दाण्याचे कारण समजून धरून ठेवली होती. स्टॅडन आणि सिमेलहाग यांनी १९७१ साली हा प्रयोग पुन्हा बारकाईने करून दाखवले की दाणा येण्याच्या सुमारास बहुतेक कबुतरे अखेर चोच मारण्याकडेच वळतात, आणि मधल्या वेळातल्या हालचाली निराळ्या जातीच्या असतात. म्हणजे क्रम शिकणारा पक्षी ही कोरी पाटी नव्हे. दाणा जवळ आला की दाणे टिपणाऱ्या प्राण्याचा जन्मजात स्वभाव पुढे येतो. मला स्टॅडन यांचे म्हणणे अधिक पटते, कारण रानात जे दिसते त्याच्याशी ते जुळते.

आता एक गंभीर शंका उपस्थित होते. तोफेजवळच्या सुगरणीला किंवा किनाऱ्यावरच्या घारीला क्रम असा काही कळतो काय? प्रत्येक पायरीनंतर समोरचे दृश्य बदलते. तोफेत दारू पडली की ती भरलेली दिसते, जाळे सरकले की ते जवळ दिसते. दिसेल त्याला ठरलेला प्रतिसाद द्यावा, आणि नवे दृश्य समोर आले की त्याला त्याचा प्रतिसाद द्यावा, एवढ्यावर सगळे निभावते; आधी काय झाले आणि पुढे काय व्हावयाचे आहे याची जाणीव असण्याची गरजच नाही. ही शंका दूर करायची तर दृश्य मुळीच बदलणार नाही असा प्रयोग हवा.

तो प्रयोग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हर्बर्ट टेरेस, रिचर्ड स्ट्रॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि १९७९ साली त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. कबुतरासमोर चार रंग एकाच वेळी प्रकाशित केले जात. त्यांवर एका ठराविक क्रमानेच चोच मारायची. चारही बरोबर झाले तरच दाणा. चूक झाली तर सगळे रंग मालवले जात. रंगांच्या जागा दर खेपेस बदलल्या जात, म्हणून जागेवरून क्रम लक्षात ठेवणे शक्य नव्हते. आणि मधल्या एखाद्या रंगावर बरोबर चोच मारली तरी समोर काहीही पालटत नसे, म्हणून आपण कोठवर आलो हे पक्ष्याला बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. जे काही कळायचे ते त्याच्या स्वतःच्या स्मरणातूनच. दीर्घ सरावानंतर कबुतरांनी हे साध्य केले. दृश्य न पालटताही पक्षी क्रम सांभाळू शकतो, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

यानंतरचा प्रश्न टेरेस यांनी अधिक खोलवर नेला, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल येथे आहे. क्रम शिकलेल्या कबुतराला सगळे रंग न दाखवता त्यांपैकी दोनच दाखवले, तर त्यांतला आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे ते सांगू शकेल काय? जोडीत पहिला किंवा शेवटचा रंग असेल तर कबुतरे बहुधा बरोबर असत. परंतु दोन्ही रंग मधले असले की त्यांचा अंदाज निव्वळ नशिबाच्या पातळीवर येई. डी’अमाटो आणि कोलंबो यांनी १९८८ साली कॅपुचिन माकडांवर तशीच चाचणी घेतली, तेव्हा माकडे मधल्या जोड्यांतही अचूक ठरली, आणि जोडीतील पहिली वस्तू मूळ क्रमात जितकी पुढे असेल तितका तिला हात लावायला त्यांना अधिक वेळ लागला. म्हणजे मनातल्या मनात ती क्रम आरंभापासून चालत येत होती. कबुतराच्या ज्ञानाला दोन टोके होती, मधला प्रदेश मात्र अंधारात होता. तरीही तो अगदीच आकारहीन नव्हता. पाच वस्तूंच्या क्रमात पहिले तीन रंग आणि नंतरच्या दोन आकृत्या अशी मांडणी ठेवली, तर रंग आणि आकृत्या सरमिसळ केलेल्या मांडणीपेक्षा कबुतरे ती लवकर शिकतात, हे टेरेस यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. लांब गोष्टीचे तुकडे पाडून लक्षात ठेवण्याची जी रीत आपण फक्त माणसाची समजत होतो, तिचा अंश कबुतरातही आहे. पुढे २०११ साली डेमियन स्कार्फ, हार्लीन हेन आणि मायकेल कोलंबो यांनी न्यूझीलंडमध्ये कबुतरांना एक, दोन आणि तीन वस्तूंची चित्रे चढत्या क्रमाने टिपायला शिकवले, आणि मग कधी न दाखवलेल्या, नऊपर्यंतच्या संख्यांच्या जोड्या समोर ठेवल्या. कबुतरांनी लहानमोठेपणाचा तोच क्रम तेथेही लावला. दोन टोकांपुरत्या ज्ञानावर हे साधत नाही.

कबुतर हा या विद्येतला सर्वांत चांगला विद्यार्थी आहे असे नव्हे. तो प्रयोगशाळेत सर्वांत सहज मिळणारा विद्यार्थी आहे. व्हिएन्नाजवळच्या एका प्रयोगगृहात आलिस आउअर्सपेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील गॉफिनच्या काकाकुव्यांसमोर एक पेटी ठेवली होती, तिची हकीकत २०१३ साली प्रसिद्ध झाली. पारदर्शक दारामागे काजूगर दिसत असे. आणि दाराला एकामागून एक अशी पाच कुलपे होती, प्रत्येक वेगळ्या जातीचे, प्रत्येक पुढच्याला अडवून धरणारे. खीळ काढल्याशिवाय स्क्रू फिरत नसे, स्क्रू निघाल्याशिवाय अडसर सरकत नसे, अडसर सरकल्याशिवाय चक्र वळत नसे, आणि चक्र वळल्याशिवाय शेवटची कडी हलत नसे. पिपिन नावाच्या काकाकुव्याने कोणाच्याही मदतीवाचून, दोन तासांहून कमी वेळात ही पाचही कुलपे उघडली. त्याहून मोलाची गोष्ट नंतरची. कुलपांचा क्रम बदलला किंवा काही कुलपे काढून टाकली, तेव्हा पाठ शिकलेले काकाकुवे निमूटपणे जुना पाठ म्हणत बसले नाहीत. जेथून अडथळा खरोखर सुरू होतो तेथूनच त्यांनी काम सुरू केले. दाणा एका कुलपाआड असो की पाचांच्या, तो डोळ्यांसमोर होता, आणि त्याच्यापासून मागे येत कोणती अडचण आधी सोडवायची हे त्यांनी ताडले. शेवटाकडून आरंभाकडे जाण्याची जी दिशा घारीच्या पिल्लाला ऋतूंमागून ऋतू घालवून गवसते, ती येथे एका बैठकीत पार पडली.

प्रयोगगृहातून पुन्हा कर्लीच्या काठी यावे, ते सुगरणीसाठीच, कारण तिचा खरा क्रम तोफेचा नव्हे, घरट्याचा आहे. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे जे निरीक्षण केले त्याने भारतीय पक्षिशास्त्राला नवे वळण दिले, आणि त्यांच्या परंपरेतील वि. चिं. आंबेडकर यांनी भारतीय सुगरणींच्या प्रजननावर लिहिलेला प्रबंध मुंबई विद्यापीठाने १९६४ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या लिखाणावरून जो क्रम दिसतो तो असा: पावसाला सुरुवात होऊन गवत आणि भाताची पाती वाढली की नर फांदीला पात्यांची गाठ बांधतो, तिच्यापासून लोंबते कडे विणतो, कड्याच्या एका अंगाने शिरस्त्राणासारखा अर्धा घुमट उभारतो, आणि तेथे थांबतो. माद्या येऊन तो अर्धवट घुमट पारखतात. मादीने पसंती दिली तरच तो अंड्यांची खोली पुरी करून खाली प्रवेशनळी उतरवतो. पात्यांसाठी त्याला सुमारे पाचशे खेपा घालाव्या लागतात, आणि सगळे काम साधारणपणे १८ दिवसांचे असते. येथे कोणत्याही पायरीवर दाणा मिळत नाही. क्रमाचा आराखडा जन्मजात आहे. पण हात बसायला तालीम लागतेच. आफ्रिकेतील सुगरणींवर निकोलस आणि एल्सी कोलायस या दांपत्याने केलेल्या प्रयोगांत, ज्या तरुण नरांना पहिल्या वर्षात विणायला हिरवी पाती मिळालीच नाहीत, ते पुढे पाती मिळाल्यावरही इतरांच्या मानाने विणण्यात फार कच्चे ठरले. आपल्याकडेही वसाहतीच्या कडेला कोवळे नर वेड्यावाकड्या गाठी मारताना दिसतात, आणि त्यांच्या घुमटाला कोणी मादी पसंत करीत नाही. मादीचा नकार ही येथे शिक्षा नसून एक उद्दीपक आहे. नाकारलेला घुमट सोडून नर पुन्हा पहिल्या गाठीपासून आरंभ करतो.

क्रमाचा सर्वांत सूक्ष्म उपयोग मात्र आवाजात आढळतो. आपल्या डोंगरांतील वल्गुलीचा निकटचा नातलग असलेल्या जपानी वल्गुलीवर तोशिताका सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. हा पक्षी एका प्रकारची हाक ऐकून सभोवार धोका शोधतो, दुसऱ्या प्रकारची ऐकून हाक देणाऱ्याजवळ येतो, आणि दोन्ही त्याच क्रमाने जोडून ऐकवल्या तर धोका शोधत शोधत जवळ येतो. परंतु त्याच दोन हाका उलट क्रमाने वाजवल्या, तर तो फारसा प्रतिसादच देत नाही. आवाज तेच, संख्या तीच. बदलला तो फक्त क्रम, आणि त्याबरोबर अर्थही गेला.

मनोलीच्या गाण्यात हा क्रम कसा बदलत जातो हेही जपानमध्येच तपासले गेले. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कोकणातल्या गवताळ कडांना जी पांढऱ्या पाठीची मनोली थव्याने दिसते, तिचीच आशियाच्या पूर्वेकडील एक शाखा सुमारे २५० वर्षांपूर्वी जपानात पाळीव झाली, आणि पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढून तिची एक वेगळी जात बनली. काझुओ ओकानोया यांनी दोघींच्या नरांची गाणी शेजारी ठेवून तपासली. रानमनोलीचे गाणे ठरलेल्या सुरांचा ठरलेला क्रम आहे. एकानंतर कोणता सूर येणार हे जवळजवळ निश्चित. पाळीव जातीच्या गाण्यात मात्र एकाच सुरानंतर दोन-तीन वाटा फुटतात, आणि गायक दर वेळी वेगळी वाट धरू शकतो. ओकानोया यांचा तर्क असा की रानात गाण्याला आपली जात ओळखवण्याचे काम करावे लागते, म्हणून क्रम सैल होऊ देणे परवडत नाही. पिंजऱ्यात ते ओझे उतरले आणि क्रमाला फाटे फुटले. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांची अदलाबदल करून पाहिली. पाळीव जातीची पिल्ले रानमनोलीच्या घरट्यात वाढली तरी पालकांचे गाणे तितक्याच अचूकपणे उचलीत. रानमनोलीची पिल्ले पाळीव पालकांच्या हाताखाली वाढली, तेव्हा मात्र ते फाटे फुटलेले गाणे त्यांना तितक्या नेमकेपणाने साधले नाही.